इवाई, नट एक खाच मागं घेतला

इवाई, तुम्ही गेले त्याला आज अठरा दिवस झाले, आणि तुमची जीप आज सकाळपर्यंत अंगणात तीन चाकांवर आणि एका ओंडक्यावर उभी होती. डाव्या चाकाचा नट, वायसर आणि जुन्या बेरिंगा तुम्ही डिझेलात बुडवून परातीत ठेवल्या, "उद्या करू जी" म्हणाले, आणि उद्या तुम्हीच नव्हते. ती परात कोणी हलवली नाही. भेटायला येणारे पाहुणे तिला वळसा घालून जात. तुमच्या आत्याबाई, ज्यांना आता माणूस आणि खांब सारखाच दिसतो, त्यांनी तिसऱ्या दिवशी तिला झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. मंग काय विचारता! त्यांचं पाहून आणखी दोघीतिघींनी वाहिली. तेरवीपर्यंत डिझेलात तरंगणारी अकरा फुलं झाली होती. मला सगळं दिसत होतं, पण मी बोललो नाही. तुमच्या घरात मी कधी काही बोललो होतो काय?

तेच सांगायला बसलो आहे. तेरवीचं जेवण आटोपलं आणि निखिल माझ्याजवळ येऊन बसला. तुमचा पोरगा, माझा जावई. डोक्यावरचे केस काढलेले, डोळे सुजलेले. म्हणाला, "मामाजी, गाड्यांचा पट जवळ आला. बाबूजीची गाडी पळवाची हाय. आईच म्हणून राहिली, पळव म्हणून. डावं चाक बसवाचं राहिलं. बाबूजी नट कसे आवळत होते, मी कधी ध्यान देऊन पाहिलंच नाही. तुम्ही संग होते. बाबूजी करत होते, एकदम तसंच कराचं. तुम्ही दाखवा."

"रविवारी येतो," म्हटलं, आणि घरी येऊन पाच दिवस नीट जेवलो नाही. कारण तुम्ही आवळत होते तसा नट आवळला, तर माझा जावई भर मैदानात चाक जाम होऊन कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही. आणि तुम्ही चुकीचं करत होते असं सांगावं, तर ते तुमच्याच अंगणात, तुमची तेरवी होते न होते तोच. आणि सांगणार कोण? पोरीचा बाप!

लग्नाआधी तुमची माझी ओळख नव्हती. तुम्ही दवनीवाड्याचे धानवाले शेतकरी, मी गोंदियात तीस वर्षं राइस मिलमध्ये फिटर. बेरिंग हा माझा जन्माचा धंदा. मिलच्या मशीनची बेरिंग जाणार, हे मी पेचकसाची मूठ कानाला लावून आठ दिवस आधी सांगत होतो. मालक हसायचे, आणि आठव्या दिवशी मिल बंद पडली की मला शोधायला माणूस पाठवायचे. पण हे तुम्हाला सांगायची वेळच आली नाही. माझ्या प्रणालीचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही जीपखालून सरपटत बाहेर आले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "या इवाई! बेरिंगचं काही समजते काय तुमाले? नाही? बसा, शिकवतो." मी नाही म्हटलंच नव्हतं हो. पण तुम्ही ऐकून घेतलं आणि मी बसलो. सहा वर्षं बसलो.

काय तुमचा तो शौक! गावचा शंकरपट झाला की दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर बैलजोड्यांच्या जागी जुन्या जीपा आणि मोटारी पळतात, दोन-दोनच्या जोडीनं, सरळ नाकासमोर. बैलवाले आदल्या दिवशी भांडत नाहीत तेवढं त्या दिवशी भांडण होतं, कारण हरल्यावर बैलाला दोष देता येतो, गाडीला दिला तर तो मिस्त्रीवर येतो. आणि तुमच्या गाडीचे मिस्त्री तुम्ही स्वतः. छत काढलेली, मागची सीट काढलेली, रंग कोणता ते सांगता न येणारी ती जीप घेऊन तुम्ही वर्षभर त्या एका दिवसासाठी जगत होते. धान कापणीला आलं तरी तुमचं अर्धं लक्ष पुढच्या दोन चाकांत.

आणि तुमचं शास्त्र! ते धानाच्या बांधीतून आलेलं. बांध जरा ढिला पडला की पाणी गेलं, पाणी गेलं की पीक गेलं. म्हणून तुम्ही जगातली प्रत्येक गोष्ट आवळूनच ठेवत होते. तुमच्या घरातलं लोणच्याच्या बरणीचं झाकण तुमच्याशिवाय कोणाला उघडत नव्हतं. तुम्ही शेतावर गेले की इहीणबाई लोणच्याविना जेवायच्या. तेच चाकालाही. पान्याला हातभर पाइप लावायचा, पाइपावर पाय द्यायचा आणि नटावर अख्खं वजन टाकायचं. "पहा इवाई, एकदम दगड! ढिलं चाक म्हणजे पळून गेलेलं चाक." मंग चाक फिरवायला मला सांगायचे. ते चाक इतकं नाखुशीनं फिरायचं की जणू शाळेत जाणारं पोरगं. आणि मी म्हणायचो, "होय जी. दगडच."

आता तुम्ही नाही तर सांगून टाकतो. नट आवळायचा असतो, पण चाक फिरवत फिरवत, म्हणजे बेरिंगचे रोलर आपापल्या जागी बसतात. मंग तो मागं घ्यायचा. मंग हाताच्या बोटांनी जेवढा लागेल तेवढाच लावायचा, नटाची एक खाच मागं सोडायची आणि पिन घालायची. चाक वरून-खालून धरून हलवलं तर केसभर खेळ जाणवला पाहिजे. गाडी पळाली की लोखंड तापते, तापलं की फुगते. त्याला फुगायला जागा नको काय? हे एवढंच. पण हे मी सहा वर्षं तोंडात सुपारीसारखं धरून होतो, गिळता येईना, थुंकता येईना.

काऊन नाही बोललो? अहो, कसा बोलणार! आमच्या घराण्यात पोरीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. मी तुमच्याकडं येताना माझी बाटली आणि डबा घेऊन यायचो, तुम्ही पाहिलं आहे. पोरीच्या सासऱ्याला शहाणपण शिकवणं तर त्याच्याही पलीकडचं. लग्नाच्या दिवशी माझ्या म्हाताऱ्या आईनं बजावलं होतं, "इवाई काही म्हणो, तू होय जी म्हण. पोरीचं सुख त्यात हाय." म्हणून आपण दोघं बनियनवर जीपखाली पाठीवर पडलो असलो, तरी बोलणं बैठकीतलं. "इवाई, तुमची हरकत नसन तं माझ्या बोटावरचा जॅक जरा उचलता काय?" "अरे रे, माफी असावी इवाई, आत्ता उचलतो." शेजारचे लोक कुंपणावर येऊन ऐकायचे.

पहिल्या वर्षीचं आठवते? त्या वर्षी मी रीत शंभर टक्के पाळली. तुम्ही दगड केलेली दोन्ही चाकं तशीच मैदानात गेली. अर्ध्या पल्ल्यात उजव्या चाकातून धूर निघाला. लोकांना वाटलं, गाडी जोरात आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मंग चाक अडकलं, जीप आडवी झाली, तुम्ही हवेत हातभर उडाले आणि परत सीटवर बसले, नशिबानं सीटवरच. मी धावत आलो. तुम्ही धुळीनं पांढरे झालेले. "काय झालं असन इवाई?" म्हणून तुम्ही मलाच विचारलं. आणि मी, तीस वर्षांचा फिटर, काय म्हटलं? "ऊन फार हाय जी." जानेवारीत! लोक स्वेटर घालून उभे होते. तुम्ही मान हलवली आणि त्या दिवसापासून चाकाच्या हबवर ओलं फडकं बांधून गाडी न्यायला लागले.

त्या दिवशी घरी जाताना डोक्यात एकच होतं. रीत गेली खड्ड्यात, पण हा माणूस माझ्यामुळं मरेल, असं वाटलं. पुढच्या वर्षीपासून मी चोरी सुरू केली. तुम्ही नट आवळून झाले की इहीणबाई आतून चहाला आवाज द्यायच्या. मी पोरीच्या घरचं घेत नाही, म्हणून तुम्ही एकटेच आत जायचे. चार मिनिटं. तेवढ्यात पिन काढायची, पाइप लावून नट सोडायचा, बोटांनी लावायचा, एक खाच मागं, पिन परत, टोपण परत, आणि मी बाटलीतलं पाणी पीत बसलेला. एकदा तुम्हाला चहात साखर कमी लागली आणि तुम्ही लवकर आले. माझा हात नटावर. "काय करून राहिले इवाई?" म्हटलं, "माशी बसली होती जी." तुम्ही त्या माशीला शिव्या दिल्या.

त्यानंतर गाडी कशी पळाली! तीन वर्षं ओळीनं जोडी मारली, जोडीची गाडी मागं टाकली. आणि तुम्ही बाजारात, सोसायटीत, पानठेल्यावर, कोणी विचारलं नाही तरी सांगायचे, "माझ्या हातचा नट हाय. दगड." लोक चाकाला हात लावून पाहायचे. शेजारच्या गावचा एक जण तुमच्याकडून शिकून गेला आणि त्याच्या गाडीतून धूर निघाला, तर तुम्ही म्हणाले, "त्याच्या हाताले गुण नाही." मी तिथंच उभा होतो. मला हसू आवरेना म्हणून मी खोकलो, आणि तुम्ही मला अडुळशाचा पाला आणून दिला.

कधी कधी वाटते, तुम्हाला माहीत तर नव्हतं? मुद्दाम तर आत जात नव्हते? नाही. माहीत असतं तर तुम्ही अर्ध्या तासात अख्ख्या दवनीवाड्याला सांगितलं असतं. तुमच्या पोटात काही राहत नव्हतं, इवाई.

एकदाच तोंडापर्यंत आलं होतं. या वर्षीच्या नवीन बेरिंगा आणायला आपण हायवेवरच्या कोहमाऱ्याला गेलो तेव्हा. गोंदियात पायलीच्या पन्नास मिळतात, पण तुमचं म्हणणं, जिथं ट्रक थांबतात तिथंच असली माल मिळते. असली माल काय होता ते ढाब्यावर बसल्यावर समजलं, इहीणबाईनं बंद केलेली अंडाकरी. तो ढाबा ना तुमचा ना माझा, म्हणून मीही पोटभर जेवलो. सहा वर्षांत आपण दोघं पहिल्यांदा एका टेबलावर जेवत होतो. तुम्ही माझ्या ताटात स्वतः रस्सा वाढला आणि म्हणाले, "इवाई, तुम्ही बोलत काऊन नाही? मी एकटाच बोलून राहतो. बोला ना काहीतरी." आता बोलतो, म्हटलं मनात. घास ठेवला. "इवाई, ते नटाचं..." "हां, नटाचं काय?" तुमचा चेहरा इतका खूश! तुम्हाला वाटलं, चेला काहीतरी विचारते. मी म्हटलं, "नटाचं तुम्ही मस्त करता." तुम्ही आणखी एक अंडं मागवलं, माझ्यासाठी.

आता त्या शेवटच्या दिवसाचं. हे सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. उजवं चाक झालं. नवीन बेरिंगा, नवीन ग्रीस, आणि वरून तुमचा दगड. आतून चहाचा आवाज आला. तुम्ही म्हणाले, "आज नको. छातीत जळजळ करून राहिली." आणि मी काय म्हटलं? "घ्या ना इवाई, गरम चहानं बरं वाटन." तुम्ही नाही म्हणाले. "अर्धा कप तरी घ्या." नाही. "दोन घोट." तुम्ही माझ्याकडं पाहून हसले, "इवाई, तुम्ही माझी लई काळजी करता." इवाई, मला तुमची काळजी नव्हती. मला चार मिनिटं पाहिजे होती. तुम्ही छातीवर हात फिरवत होते आणि मी नटाकडं पाहत होतो. डॉक्टरकडं चला, एवढं म्हणायला कोणती रीत आडवी येत होती? कोणतीच नाही. मला सुचलंच नाही. बेरिंग आठ दिवस आधी ओळखणारा माणूस मी, आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचं मला काही ऐकू आलं नाही. याची माफी मागतो. तुम्ही असते तर म्हणाले असते, "छोडो जी." पण तुम्ही नाही, म्हणून ती माझ्याजवळच पडून आहे.

तर आज सकाळी गेलो. स्कूटरवर ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. माझ्या पोरीचा नवरा त्या गाडीत बसणार आहे, आता होय जी पुरे झालं. निखिल बनियनवर तयार होता, तुमच्यासारखाच. प्रणाली दारात, इहीणबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. आधी परातीचा प्रश्न. आत्याबाई म्हणाल्या, "देव उठवता काय रे?" म्हटलं, "देव आता चाकात बसतो जी." मंग त्यांनी परवानगी दिली, वर आणखी एक फूल दिलं.

ग्रीस मी तळहातावर घेऊन नवीन बेरिंगमध्ये दाबून भरलं. निखिल म्हणाला, "मामाजी, तुमचा हात तं एकदम साफ चालते." म्हटलं, "बाबूजीनं शिकवलं." हे पहिलं खोटं. हब चढवला, वायसर लावला, नट लावला. निखिलनं पान्यात पाइप घातला. "हे मले आठवते. बाबूजी याच्यावर उभे राहत होते. किती वेळ उभे राहत होते मामाजी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात इहीणबाईंचं सूप थांबलं. त्या माझ्याकडं पाहत होत्या. निखिल पाहत होता, हातात पाइप धरून, लहान पोरानं पाटी धरावी तसा. या घरात तुमचं आता काय उरलं होतं, इवाई? फोटो एक, आणि हा नट. माझ्यानं नाही झालं.

"पाइप ठेव," म्हटलं. "बाबूजीचा खांदा दुखत होता म्हणून पाइप. तू जवान माणूस, तुले कायले पाहिजे?" दुसरं खोटं. "तू चाक फिरवत राहा, थांबवू नको, आणि आवळ. बाबूजी पहिले आवळूनच घेत. ढिलं चाक त्यांना चालत नव्हतं." हे खरं. "आवळलं की बेरिंग जागी बसते. बसली? आता मागं घे. मंग बोटांनी लाव. आता एक खाच मागं. घाल पिन."

"एवढंच?"

"एवढंच. पहिले दगड, मंग केसभर ढील. बाबूजीची रीत हीच होती."

"मंग उजवं?"

"उजवं त्यांनी आवळून ठेवलं होतं. मागं घेणं उद्यावर होतं."

हे बोललो आणि वायसर शोधायच्या निमित्तानं खाली वाकलो. कारण इवाई, बोलताना मला समजलं की मी खोटं बोलतच नाही आहे. एवढी वर्षं आवळायचं काम तुम्ही केलं, मागं घ्यायचं मी केलं. दोघांचा मिळून एक नट बरोबर बसत होता. ही रीत तुमची नव्हती आणि माझीही नव्हती. मी उगाच तिला माझी चोरी म्हणत बसलो.

उजवा नट सोडायला मात्र पाइप लागला; अठरा दिवसांत तो धरूनच बसला होता. निखिल त्यावर लटकला, मीही लटकलो, तरी हलेना. इहीणबाई सूप टाकून आल्या आणि त्यांनीही हात लावला. "मेलं माणूस, पण आवळून गेलं," म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेऊन हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. तिघांच्या जोरानं तो सुटला. मंग बोटांनी लावला, एक खाच मागं, पिन.

निखिलनं चाकाला एक हलका धक्का दिला. ते फिरत राहिलं. आवाज नाही, अटकाव नाही, फिरतंच राहिलं. आम्ही चौघंही पाहत होतो. बऱ्याच वेळानं त्यानं हात लावून ते थांबवलं आणि माझ्याकडं वळला. डोळे भरलेले.

"मामाजी, बाबूजीले हे कोणी शिकवलं होतं जी?"

तीस वर्षं मिलमध्ये काढली, इवाई. हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून सहा वर्षं तुमच्या अंगणात बाटलीतलं पाणी पीत बसलो होतो.

"कोणी नाही," म्हटलं. "त्याईच्या हातातच होतं."